बंगल्यात कोण राहतं?

बाईंच्या वर्गात ‘हुशार’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. आणि वर्ग कुणाचा, तर गावोगावहून परीक्षा घेऊन, निवडून, पारखून आणलेल्या हुशार मुलांचा! म्हणजे हलवायाच्या दुकानात कुणी ‘गोड’ म्हणायचं नाही, असला प्रकार. तो शब्द जो तोंडातून काढेल त्यानं फळा पुसायचा, मग तो कुणी का असेना. एकदा खंडाळ्याचे एक हॉटेलवाले गृहस्थ मुलाची चौकशी करायला आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन फोन. दारातूनच म्हणाले, “बाई, आमचं कार्टं तसं हुशार आहे हो, पण घरी पुस्तक म्हणून उघडत नाही.” बाईंनी डस्टर त्यांच्या हातात ठेवलं. त्यांना वाटलं, धरायला दिलंय. तर सगळा वर्ग ओरडला, “काका, फळा! वरचे कोपरेसुद्धा!” बिचाऱ्यांनी पुसला. शर्टाची रया गेली. जाताना माझ्या वर्गाच्या दारात थांबून मला हळूच म्हणाले, “या बाई जरा तऱ्हेवाईक आहेत का हो?”

मी म्हटलं, “जरा नाही, चांगल्याच आहेत.”

हे मी कौतुकानं म्हटलं नव्हतं. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. लोणावळ्यातल्या आमच्या शाळेत माझी ‘ब’ तुकडी, आणि मधे एक प्लायवूडचं पार्टिशन टाकून पलीकडे बाईंचा ‘विशेष वर्ग’. तिसरी आणि चौथीची दोन वर्षं ही मुलं बाईंच्या हाताखाली काढायची आणि मग संस्थेच्या वसतिशाळेत थेट दहावीपर्यंत त्यांची सोय व्हायची. आम्ही शिक्षकखोलीत त्याला ‘नवरत्न दरबार’ म्हणायचो. संस्थेची बस मळवलीपर्यंत जातच होती, त्यामुळे त्या बाजूची जी मुलं निवडपरीक्षेत मागे राहिली, त्यांतल्या ज्यांनी इच्छा दाखवली त्यांना माझ्या ‘ब’ तुकडीत घेतलं होतं. ती मुलं चौथी झाली की परत आपापल्या गावच्या शाळेत. म्हणजे दरबार त्यांचा आणि उरलंसुरलं माझं. वर त्या पार्टिशनला प्लाय कसलं, पापड म्हणा! पलीकडे कुणी शिंकलं की माझ्या वर्गातलं पोर इकडून “सत्य!” म्हणायचं.

बाई तळेगावच्या. रोज तिथून यायच्या. नेसायच्या नऊवारीसारख्या कडक सुती साड्या, पण पायात गमबूट. काळे, गुडघ्यापर्यंतचे, पावसात रस्त्याची कामं करणारे घालतात तसे. आमच्याकडच्या पावसात ते शहाणपणाचंच होतं म्हणा, पण बाई ते दिवाळीनंतरही घालायच्या. मी एकदा विचारलं, “आता कशाला? कोरडं ठणठणीत आहे सगळं.” तर म्हणाल्या, “अगं, पायांना सवय झाली. उगाच कशाला त्यांचं मन मोडा?” मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. ‘शेजारणी’ म्हणायच्या. “काय गं शेजारणी, आज तुझ्याकडे फार शांत आहे. मारलंस की काय कुणाला?” अजूनही मी तळेगावला गेले की त्यांच्याकडे डोकावते, आणि अजूनही त्या दारातून हेच ओरडतात, “आली का शेजारीण!”

मुलांना मात्र त्या अहो-जाहो करायच्या. आठ वर्षांच्या शेंबड्या पोराला, “अहो, तुम्ही असं का म्हणता? जरा समजावून सांगा आम्हाला.” आणि संस्थेचे अध्यक्ष, ज्यांच्यापुढे आमचे मुख्याध्यापक घसा साफ केल्याशिवाय उभे राहत नसत, त्यांना “अरे”. अध्यक्ष लहानपणी त्यांच्या हाताखालून गेलेले होते. एकदा सभेत अध्यक्षांचं भाषण लांबलं, तर बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “अरे, मुलांना भुका लागल्यात. पुरे आता.” आणि अध्यक्ष खाली बसले! त्यांनाही आपण का बसलो ते कळलं नसावं.

त्यांचं एक वाक्य होतं: “येतं ते घरी करा, येत नाही ते घेऊन शाळेत या.” पालकांना हे झेपायचं नाही. त्यांना वही भरून बरोबरच्या खुणा हव्या असायच्या. बाईंच्या वर्गातली घंटा तर त्यांना अजिबातच झेपली नाही.

त्या घंटेची गोष्ट सांगते. दरबार नवा नवा भरला तेव्हा एका मुलाचं गणित चुकलं. साधं गणित, पण त्या मुलाचं जन्मात कधी काही चुकलेलं नव्हतं. तो बाकाखाली जाऊन बसला आणि बाहेर यायला तयार नाही. शिपाईमामांनी सांगून पाहिलं, मुख्याध्यापकांनी दटावून पाहिलं. शेवटी बाई गमबुटांसकट बाकाखाली शिरल्या. त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि तिथूनच वर्ग घ्यायला लागल्या. मी पार्टिशनच्या फटीतून बघितलं, तर बाकाखालून नुसता आवाज येतोय आणि वरची मुलं वाकून वाकून उत्तरं देतायत. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटा आणून दाराशी टांगली. नियम असा, की ज्याचं चुकेल त्यानं उठायचं, घंटा वाजवायची आणि आपण काय विचार केला होता ते सगळ्यांना सांगायचं. “चूक एकट्यानं खायची नाही,” त्या म्हणायच्या, “वाटून खायची.” आणि मुलं टाळ्या वाजवायची. त्या स्वतः तर दिवसातून कितीदा तरी वाजवायच्या. पाढा चुकला, घंटा. कुणाचं नाव विसरल्या, घंटा. बाकाखाली बसलेला तो मुलगा महिन्याभरात घंटेकडे पळत जायला लागला, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या वर्गाची पंचाईत व्हायची. मी इकडे ‘पाणी कसं साठवावं’ शिकवतेय आणि तिकडून ठण्ण! माझी पोरं चुळबुळायची. “बाई, आमाला कवा घंटा?” मी म्हणायचे, “तुम्हाला घंटा दिली तर शाळेचं देऊळ होईल बाळांनो. नैवेद्य दाखवायला लोक येतील.”

तर असल्या या बाईंना गर्व कशाचा होता? तर आपल्या निवडपरीक्षेचा. हो, गर्वच. त्याला दुसरा शब्द नाही. पहिल्यांदा संस्थेत टूम निघाली होती की पुण्याहून तयार पेपर मागवावा. बाई म्हणाल्या, “पुण्याच्या पेपरला मावळातलं काय कळतं? मी इथली आहे. मी काढते.” काढलाही. चित्रांचा, छोटासा, सुरेख. त्यातला पहिला प्रश्न ही त्यांची चाळणी. चार चित्रं: झोपडी, कौलारू घर, बंगला आणि गोठा. माणसं कशात राहत नाहीत त्यावर फुली मारा. “हा प्रश्न अवघड नाही गं,” चहा पिता पिता त्या मला मोठ्या खुशीत सांगायच्या, “हा लक्षाचा प्रश्न आहे. मूल नीट बघतं की नाही, एवढंच कळतं. खेड्यातल्या पोराला गोठा ओळखता येत नसेल, तर पुढचं मी काय बघू? नाही बघत. बाजूला ठेवते तो पेपर.”

मी मान डोलवायचे. मला तरी कुठे काय खटकलं होतं!

माझ्या वर्गात कोमल नावाची एक मुलगी होती. गाव भाजे; पण वडील मळवलीतल्या एका बंगल्यावर राखणीला, म्हणून आईबापांबरोबर बंगल्यामागच्या खोलीत राहायची. काटकुळी, केस तेलानं चप्प, आणि जीभ अशी चालायची की विचारू नका. मी शिकवत होते, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. ही उठली. “मंग बाई, पाखरू झाडावरनं उडालं, तर त्याचं घरटं म्होरं निघून जात आसंल की! मंग त्याला परत कसं घावतं?” मी म्हटलं, उद्या सांगते. घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, त्याला येईना. फोनवर बघितलं, मला कळेना. दुसऱ्या दिवशी ती वाट बघत बसलेली.

मी बाईंना म्हटलं, “माझ्याकडे एक आहे, तुमच्या जातकुळीतली. एकदा बघा तरी.”

“परीक्षा दिली होती ना तिनं?”

“दिली होती.”

“मग राहिली असेल चाळणीवर. अगं, बोलकी मुलं असतात अशी. बोलकं असणं वेगळं.”

मला जे काही वाटलं ते मी तिथंच बोलून टाकलं. “बाई, तुमच्या चाळणीला भोकं पडलीयत!” म्हणून कप आपटून निघून आले. पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं नव्हतं. पार्टिशनपलीकडून त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, “मुलांनो, रागावलेल्या माणसाला काय द्यावं? उकडलेल्या शेंगा द्याव्यात.” आणि शिपाईमामांबरोबर माझ्याकडे शेंगांचा पुडा यायचा. मी खायचे, पण बोलायचे नाही.

मग ती सहल निघाली. मळवलीतला एक मोठा बंगला, मालक मुंबईचे आणि संस्थेचे देणगीदार. ते म्हणाले, मुलांना एक दिवस आणा आमच्याकडे, हिरवळीवर खेळू दे. बस एकच, म्हणून दरबार आणि माझी ‘ब’ तुकडी एकत्र कोंबली. हा बंगला म्हणजे कोमलचे वडील जिथं राखणीला होते तोच. भातं कापून झाली होती, आजूबाजूच्या खाचरांत झोडपणी चाललेली. मालक आलेच नव्हते. कोमलच्या वडिलांनी फाटक उघडलं, गडबडीनं हॉलचं कुलूप काढलं. आत सगळ्या कोचांवर चादरी घातलेल्या, भिंतीवरच्या घड्याळात भलतीच वेळ.

कोमल त्या दिवशी यजमानीण होती. फ्रॉकवर आईची ओढणी घेऊन सगळ्यांना पाणी देत हिंडत होती. बाई पायरीवर बसल्या आणि आपल्या नेहमीच्या रीतीनं तिला म्हणाल्या, “अहो कोमलताई, एवढा मोठा बंगला! कोण कोण राहतं हो इथं?”

“कोन न्हाई.”

“आज नाही. पण एरवी?”

“एरवी बी कोन न्हाई.” कोमलला बाईंच्या अज्ञानाचं नवल वाटलेलं दिसलं. “बाई, बंगल्यात कोन ऱ्हातं व्हय? बंगला कुलूप लावायला आसतो. शनवारी गाडी येती, गानी लावत्यात, आयतवारी जात्यात. ऱ्हात न्हाई कोन.”

“सगळेच बंगले असे?”

“सगळेच की. त्यो बगा, त्यो पिवळा. त्यात तर दिवाळीला बी आलं न्हाईत.”

बाईंचा आवाज जरा बारीक झाला. “आणि गोठ्यात हो? गोठ्यात कुणी राहतं?”

“गोठ्यात आजा ऱ्हातो आमचा. भाज्याला. म्हशीपाशी बाज टाकलीया. त्याला घरात झोपच लागत न्हाई.” आणि माझ्या वर्गातली बाकीची पोरं लगेच पुढं सरसावली. “आमचा आबा बी!” “आमचा चुलता बी बाई, गाय व्याली का तितंच!”

दरबारातली मुलं उभी राहून ऐकत होती. लोणावळ्याची, तळेगावची, खंडाळ्याची मुलं ती. त्यांतली काही खरोखरच बंगल्यात राहणारी.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. अबोला विसरून मी जवळ गेले, तर माझं मनगट धरून म्हणाल्या, “पहिला प्रश्न, शेजारणी.” एवढंच. मला क्षणात सगळं कळलं. माझ्या वर्गात मळवली-भाज्याकडची इतकी पोरं का होती, तेही कळलं. त्या सगळ्यांनी बंगल्यावर फुली मारली होती, आणि बाईंनी त्यांचा पुढचा पेपर उलगडूनही बघितला नव्हता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मुलं भेंड्या लावत होती. बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. पाठ दिलेली, म्हणून मला वाटलं झोपल्या. नव्हत्या झोपलेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांकडे गेल्या. मीही गेले बरोबर, त्यांनी नको म्हटलं तरी. बाईंनी कोमलची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, “अरे, माझा पेपर चुकलाय. त्या सगळ्या मुलांची परीक्षा परत घ्यायला हवी.” अध्यक्ष सज्जन माणूस, पण अध्यक्ष. म्हणाले, “बाई, ते शक्य नाही. आता परीक्षा परत घेतली तर निवडलेल्या मुलांचे पालक विचारतील, आमची मुलं कसल्या पेपरावर निवडलीत? वर्गाची अब्रू जाईल, वर्ग बंद पडेल. एक करतो. एक जागा रिकामी आहे, त्या मुलीला घ्या. पण हे ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.”

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “नाही घ्यायचं असं. एकीला आत घेऊन बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसायची?”

माझं टाळकंच सटकलं. “हे बघा, तुमची तत्त्वं तुमच्या गमबुटात ठेवा. दहावीपर्यंतची सोय आहे पोरीची. मिळतेय ती एकीला तर मिळू द्या! सगळ्यांना नाही म्हणून तिलाही नाही, हा कुठला न्याय? आधीच एकदा राहिलीय ती तुमच्यापायी.” हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. लागायलाच हवं होतं. म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. पाठव तिला.”

कोमल पार्टिशनपलीकडे गेली. तिचे वडील शाळेत आले, चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. “बाई, लय उपकार झालं. पोरीचं सोनं केलं तुमी.” बाई त्यांना “बसा ना भाऊ, बसा” एवढंच म्हणत राहिल्या. माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी ही बाई, त्या दिवशी खाली आपल्या गमबुटांकडे बघून बोलत होती. मीच भरीला घातलं होतं, आणि परत वेळ आली तर परत घालीन. पण मला त्यांना तसं बघवेना.

त्यानंतर बाई घंटेला हात लावेनात. मुलं वाजवायची, टाळ्या व्हायच्या, पण बाईंची घंटा येईना. इतके दिवस त्या ठणठणाटाला शिव्या घालणारी मी, आता शिकवता शिकवता कान तिकडे लावून बसायचे.

आणि एके सकाळी पलीकडून कोमलचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. “बाई, एक इचारू? मी तर नापास झालते. मंग आता पास कशी झाले? मधल्या टायमात मी तर काईच नवं शिकले न्हाई.”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. बाई काय सांगणार? अध्यक्षांना शब्द दिलेला. काहीतरी सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं, जागा रिकामी झाली म्हणून. ते खोटंही नव्हतं. मी मनात म्हटलं, बाई, सांगा तेवढंच आणि सुटा.

घंटा वाजली. एकदा नाही, वाजतच राहिली. मग दार उघडल्याचा आवाज, आणि सगळा दरबार रांगेनं माझ्या वर्गात. पुढे बाई. त्यांनी माझ्या पोरांना नमस्कार केला, अगदी हात जोडून. म्हणाल्या, “मुलांनो, मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. बंगल्याचा आणि गोठ्याचा. तुम्ही जे रोज बघता तेच उत्तर दिलंत. मी माझ्या मनातलं उत्तर धरून बसले आणि तुमचा पेपर बाजूला टाकला. चूक माझी झाली.”

पोरं बावचळली. मोठ्या माणसानं असं बोललेलं त्यांनी कुठं ऐकलेलं! मागच्या बाकावरचा एक हळूच म्हणाला, “म्हंजे बाई, आमी पास?”

“तुम्ही पास,” बाई म्हणाल्या. “मी नापास.” आणि पदरानं डोळे पुसले. मग दरबारातल्या मुलांनी नियमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. माझीही वाजवायला लागली.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागलेली. मागे फळा पुसून गेलेले ते हॉटेलवालेच पुढारी. तातडीची सभा. “म्हणजे आमची मुलं चुकून निवडली का?” बाई उभ्या राहिल्या, “नाही हो. तुमची चुकून निवडली नाहीत. ‘ब’ तुकडीतली चुकून राहिली.” पण ऐकतंय कोण! कुणी म्हणालं, आधी ती मागच्या दारानं घेतलेली मुलगी बाहेर काढा. कोमलचा यात काय दोष? तिनं तर नुसतं विचारलं होतं.

अध्यक्षांनी बाईंना आत बोलावलं. या खेपेला मला बाहेरच ठेवलं. आत काय झालं ते बाईंनी नंतर शेंगा सोलत सोलत सांगितलं, जसं काही बाजारात भाजीचा भाव करून आल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही शब्द मोडलात, आता पालकांना काहीतरी द्यावं लागेल. बाई म्हणाल्या, “अरे, मग मला दे ना. माझा वर्ग घे. पण त्या मुलीच्या जागेला हात लावायचा नाही.” आणि तेवढ्यावर न थांबता, वसतिशाळेत जाण्यासाठी वर्षअखेरीला ‘ब’ तुकडीलाही एक परीक्षा देता येईल, हेही पदरात पाडून घेतलं. “आणि पेपर?” मी विचारलं. “पेपर दुसरं कुणीतरी काढेल,” त्या म्हणाल्या. “मला नाही आता तो हक्क.”

स्वतःच्या हातांनी उभा केलेला वर्ग त्यांनी असा देऊन टाकला. मी म्हटलं, “अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही?” तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वाटतं गं. मुलं माझी आहेत ती.” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

शिक्षा म्हणून त्यांना माझी ‘ब’ तुकडी दिली. आणि नवरत्न दरबार कुणाच्या गळ्यात? माझ्या!

पहिल्या दिवशी मी पार्टिशनच्या त्या बाजूला गेले. मुलं उभी राहिली, “नमस्ते बाई” म्हणाली, फार शहाण्यासारखी बसली. मी पुस्तक उघडलं आणि शिकवायला लागले. इकडे सगळं कसं शिस्तीत, आणि पलीकडे नुसता धुमाकूळ. बाक सरकल्याचे आवाज, हसणं, “अहो, तुम्ही सांगा ना!” असं बाईंचं ओरडणं, आणि माझी ती पोरं, जी माझ्या वर्गात उत्तर द्यायला लाजायची, ती एकमेकांवर ओरडत होती. माझ्यासमोरच्या एकाचंही लक्ष पुस्तकात नव्हतं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि कान पार्टिशनकडे.

शेवटी पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. “बाई, एक विचारू? पलीकडच्या वर्गात जायला कुठली परीक्षा द्यावी लागते?”

कोमल मागून म्हणाली, “लय सोपी हाय. हितली आसती ना, तीच. त्यात नापास व्हायचं. मी झालते.”

चष्मेवालीनं यावर नीट विचार केला. ही मुलं कशावरही नीटच विचार करायची. “सगळे प्रश्न चुकवायचे?”

“छ्या! सगळं कशाला? एकच बास हाय,” कोमल म्हणाली. “पयलाच.”